सवचे उष्णोदक आणि लोकलिखित ज्ञानकोश

महाडजवळ, सावित्री नदीच्या काठी सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत कोकणपट्टीत जी उष्णोदके आढळतात, त्यांच्या मालिकेतील हे एक स्थान होय. अशा स्थानाची माहिती हवी असलेला विद्यार्थी आज ग्रंथालयाची पायरी चढण्याआधी बहुधा विकिपीडियाकडे वळतो. तेथील मजकूर पुढे शाळेच्या प्रकल्पवहीत, वर्तमानपत्रात आणि क्वचित कार्यालयीन टिपणीतही उतरतो. म्हणून तो कोण लिहितो व कोण तपासतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मराठीला कोशपरंपरा नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ सिद्ध केला; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ साली निघाला. या कोशांचे संपादक ठरलेले असत. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठीत सुरू झालेल्या विकिपीडियात मात्र कोणाचीच नेमणूक होत नाही व मानधनही मिळत नाही. वाचक स्वतःच लेखात भर घालतो. प्रत्येक बदल कोणत्या खात्यावरून व केव्हा झाला, हे लेखाच्या ‘इतिहासा’त राहते, कोणी खोडसाळपणे मजकूर पुसला तर दुसरा स्वयंसेवक आधीची प्रत क्षणात परत आणतो. प्रचालक म्हणून निवडलेले स्वयंसेवक उपद्रवी खाते बंद करू शकतात. मजकुराच्या वादात मात्र त्यांच्या मताला अधिक वजन नसते.

मग खरेखोटे ठरते कशावर? प्रसिद्ध झालेल्या, विश्वासार्ह आधारावर. सवच्या पाण्याने त्वचारोग बरे होतात, असे कोणी लिहिले तर त्याला वैद्यकीय आधार मागितला जाईल; ‘अशी श्रद्धा आहे’ या वाक्यालाही प्रकाशित आधार लागेलच. एखाद्या शिक्षकाने उष्णतामापक बुडवून घेतलेले तापमान अचूक असले तरी ते लेखात घालता येत नाही, कारण ते इतरांना पडताळता येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अहवालातील आकडा मात्र घेता येतो. त्याच शिक्षकाने स्वतः काढलेले झऱ्याचे छायाचित्र चालते. नियम थोडा कठोर वाटतो खरा, पण अनोळखी माणसांनी मिळून लिहावयाच्या ग्रंथाला दुसरा तरणोपाय दिसत नाही.

त्याची कसोटी आपत्तीच्या वेळी लागते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली, तेव्हा मृतांचे व बेपत्तांचे आकडे दिवसागणिक बदलत होते. अशा वेळी आकड्यापुढे बातमीचा स्रोत व तारीख नसेल, तर पहिल्या दिवसाचा अंदाजच कायमचा इतिहास होऊन बसतो.

खेड्यांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. मराठी विकिपीडियावरील कित्येक गावांच्या नोंदी तालुका, जिल्हा आणि साच्यातील दोन-चार वाक्ये एवढ्यावरच थांबल्या आहेत. गावाची खरी माहिती असते ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात व वृद्धांच्या स्मरणात, आणि यांपैकी फारच थोडी छापली गेलेली असते. जनगणनेची पुस्तिका, १८८३ चे कुलाबा-जंजिरा गॅझेटियर, शाळेची शताब्दी स्मरणिका यांतून नोंद वाढविता येते. मजकूर मात्र जसाच्या तसा उतरवू नये, स्वतःच्या शब्दांत लिहावा. सरपंचाने आपल्याच कारकिर्दीविषयी लिहिणे तेथे अनुचित मानले जाते. चूक आढळल्यास त्याने लेखाच्या ‘चर्चा’ पानावर आधारासह ती मांडावी, म्हणजे दुसरा कोणी पडताळून दुरुस्ती करतो.