जपानी भाषेचा अभ्यास

जपानी भाषेचा अभ्यास आरंभणाऱ्या मराठी माणसाचे पहिले कांहीं दिवस मोठे सुखाचे जातात. क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, प्रत्यय नामामागून लागतात. हिरागाना व काताकाना या लिपींतील प्रत्येकी ४६ अक्षरांचा क्रमही आपल्या वर्णमालेच्याच वळणाचा आहे. पुढें कांजी चिन्हांशीं गांठ पडली, कीं पुष्कळांचा धीर सुटतो. नित्य व्यवहारासाठीं जपान सरकारनें २०१० सालीं सुधारलेल्या यादींत तीं २,१३६ आहेत.

त्यांचीं नुसतीं कोष्टकें घोकणें हा, माझ्या मतें, श्रमाचा अपव्यय होय. डोंगराचें चिन्ह एकटें असतां ‘यामा’ वाचतात. फुजी पर्वताच्या नांवांत तेंच ‘सान’ होतें. म्हणून सुटें चिन्ह न घेतां सबंध शब्द शिकावा. चिठ्ठीच्या एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस उच्चार व अर्थ लिहावा. आठवला तर चार दिवसांनीं, न आठवला तर उद्यांच ती चिठ्ठी पुन्हा काढावी. रेघांचा क्रमही हातानें गिरवावा, कारण अनोळखी चिन्ह छापील कोशांत त्याचे अवयव ओळखून व रेघा मोजून शोधावें लागतें.

उच्चारासाठीं मात्र कानच हवा. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या. मधला ‘बा’ लांबविला, कीं तिचीच आजी होते!