फळीवरचा कसारा घाट

दिवाळीत मुलांनी किल्ला करायचा आणि मोठ्यांनी त्यात नाक खुपसायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळे गेल्या दिवाळीला भातसानगरला बहिणीकडे गेलो आणि अंगणात मातीचा ढीग दिसला नाही, तेव्हा मी हिरमुसलोच. मेहुणे धरणाच्या नोकरीतून डिसेंबरअखेर निवृत्त व्हायचे होते. म्हणजे क्वार्टर सुटणार.

"मामा, अंगणातला किल्ला इथंच राहील," भाचा म्हणाला. "म्हणून यंदा फळीवर करतोय. आणि किल्ला नाही, कसारा घाट!"

आतल्या खोलीत सहा फूट लांब नि तीन फूट रुंद प्लायवुड मांडले होते. त्यावर परदेशी राहणाऱ्या काकाने पाठवलेल्या आगगाडीचे रूळ. गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या 87व्या हिश्श्याची. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि पहिल्याच गुणाकाराला घाबरलो. आसनगावहून दिसणारा माहुलीचा डोंगर पावणेतीन हजार फुटांच्या वर आहे; या मापाने तो तीस फुटांहून उंच करावा लागेल! घाटातला एहेगावचा पूल साडेसातशे फूट लांब. तोही साडेआठ फुटांचा होऊन फळीबाहेर लोंबणार. तेव्हा डोंगर लहान करणे आणि पुलाच्या दोन-तीन कमानींवर भागवणे आलेच. ही लबाडी सगळेच करतात.

एक गोष्ट मात्र मापात बसली. कसारा-इगतपुरी मार्ग 1865 साली सुरू झाला, त्याचा चढ 37 फुटांत एक फूट. आमच्या सहा फुटांच्या फळीवर तो जेमतेम दोन इंच होतो. भाच्याला ते फारच किरकोळ वाटले. पण या किरकोळ चढासाठीच कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात, हे ऐकल्यावर त्याने तो चढ पट्टीने तीनदा मोजून घेतला.

डोंगराच्या बाबतीत परदेशी पुस्तके आपल्या कामाची नाहीत. त्यांचे डोंगर गोल, हिरवे आणि वर सूचिपर्णी झाडे. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. त्याचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. म्हणून थर्माकोलचे तुकडे सुरीने न कापता हाताने तोडून आडवे रचले, वर कागदाचा लगदा नि प्लॅस्टर फासले. रंग देताना आधी करडा, मग पाण्यासारखा पातळ काळा. तो आपोआप भेगांत उतरतो आणि खडक खरा दिसू लागतो. मागचे डोंगर मुद्दाम फिकट निळसर ठेवले, म्हणजे ते लांब जातात.

मग मोठा वाद झाला तो महिन्यावरून! भाच्याला सगळे हिरवेगार हवे होते. मी म्हटले, "अरे, खिडकीतून बघ. कार्तिकात इथलं गवत कसं दिसतं?" ते निम्मे पिवळे पडले होते. भात कापलेली खाचरे, बांधावर पेंढ्यांची उडवी, साग अजून हिरवा. तोच महिना ठरला. किल्ल्यावर आपण अळीव पेरतो, पण आठ दिवसांत त्याची मान पडते. शिवाय या मापात अळिवाचे रोप म्हणजे झाडच! त्याऐवजी लाकडाचा भुसा दोन-तीन रंगांत रंगवून वापरला. घाणेरीच्या वाळक्या फांद्यांची झाडे झाली आणि त्यांच्याखालचा पालापाचोळा म्हणून बहिणीने चहाचा चोथा वाळवून दिला. त्या घरी चहा भरपूर होतो, त्यामुळे मालाची टंचाई पडली नाही.

रुळांखालची खडी म्हणजे चाळलेली बारीक काळी वाळू. ती ब्रशने सारखी करायची, मग पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडायचे. साबण नसेल तर पाण्याचे मणी होतात आणि वाळू तरंगते. हे ज्ञान आम्हाला एक संध्याकाळ वाया घालवून झाले. रुळांच्या कडांना गंजाचा रंग दिला. चकाकते ती फक्त वरची, चाकाखालची बाजू.

पाणी भाच्याने एकट्याने केले. फळीच्या कोपऱ्यात त्याने भातसा जलाशयच आणून ठेवला. घाटापासून तो इतका जवळ नाही, पण मी गप्प बसलो. निळा रंग त्याने लावलाच नाही. गडद हिरवट तळावर व्हार्निशचे थरावर थर, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. काठाने लाल-तपकिरी उघडा पट्टा ठेवला. "पाणी ओसरलं की असा दिसतो," तो म्हणाला. जन्मापासून पाहिलेली गोष्ट, कुणी सांगावी लागत नाही.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय 1998 साली सुरू झाले. तिथे दिवे मालवून रात्र करतात आणि घराघरांत मिणमिणते दिवे लागतात. ते भाच्याने पाहिले होते. जलाशयाकाठी त्याने पुठ्ठ्याचे एक छोटे क्वार्टर ठेवले आणि त्यात एक बारका बल्ब बसवला. भाऊबीजेच्या रात्री खोलीतला दिवा बंद करून गाडी सोडली. मेहुणे बराच वेळ त्या एका खिडकीकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, "स्वयंपाकघर त्या बाजूला नाही रे आपलं," आणि खिडकी दुसऱ्या दिवशी बदलण्यात आली.

जानेवारीत फळी टेंपोतून डोंबिवलीला गेली. वाटेत कसाऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगर चांगला बोटभर तडकला. मी फोनवर हळहळलो.

"काळजी करू नका, मामा," भाचा म्हणाला. "तिथं बोगदा काढलाय."