अल्पसंख्य प्रेक्षक आणि स्वतंत्र दूरचित्रवाहिनीची गरज : राहुरी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
दूरचित्रवाणी हे आधुनिक समाजजीवनातील अत्यंत प्रभावी माध्यम होय. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1999 मध्ये 'अल्फा मराठी' व 2000 मध्ये 'ई टीव्ही मराठी' या खाजगी वाहिन्या आल्या आणि त्यानंतर मराठी वाहिन्यांची संख्या वाढतच गेली. असे असूनही समाजातील अनेक अल्पसंख्य गटांना स्वतःची वाहिनी असावी असे वाटते. वाहिन्या विपुल असताना ही मागणी का निर्माण होते, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. ही मागणी म्हणजे समाजापासून फुटून निघण्याची इच्छा आहे, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपात कितपत तथ्य आहे, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

उद्दिष्टे :
1. स्वतंत्र वाहिनीच्या मागणीमागील कारणे स्पष्ट करणे.
2. या मागणीची स्थानिक ऐतिहासिक परंपरा पाहणे.
3. स्वतंत्र वाहिनीच्या मर्यादा समजून घेणे.

'अल्पसंख्य प्रेक्षक' म्हणजे कोण?
2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत मुस्लिम सुमारे 11.5 टक्के, बौद्ध 5.8 टक्के आणि ख्रिस्ती सुमारे 1 टक्का आहेत. मात्र माध्यमांच्या संदर्भात अल्पसंख्यता केवळ धर्मावर वा संख्येवर ठरत नाही. ज्या गटाचे जीवन पडद्यावर क्वचित दिसते आणि दिसले तरी ते कसे दाखवावे हे ठरविण्यात ज्याचा सहभाग नसतो, तो गट माध्यमदृष्ट्या अल्पसंख्य होय. या अर्थाने अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील दलित, भिल्ल, महादेव कोळी व ठाकर हे समाजही या संज्ञेत येतात. शेतकरी संख्येने मोठा असूनही माध्यमांत दीर्घकाळ केवळ सल्ला ऐकणारा राहिला. त्याच्यासाठी 'डीडी किसान' ही वाहिनी 26 मे 2015 रोजी सुरू करावी लागली. कृषी विद्यापीठामुळे राज्यभर परिचित असलेल्या राहुरीच्या वाचकास हे उदाहरण जवळचे वाटेल.

स्थानिक परंपरा :
स्वतःच्या माध्यमाची गरज या जिल्ह्याला नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये अहमदनगर येथून 'ज्ञानोदय' सुरू केले. ज्यांचे काही काळ राहुरीस वास्तव्य होते ते कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1912 पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते. मिशनने काढलेल्या पत्रात मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या भाषेत, आपल्या अनुभवातून बोलू लागला, हे येथे महत्त्वाचे आहे.

दुसरे उदाहरण 'दीनमित्र'चे. सत्यशोधक विचारांचे मुकुंदराव पाटील यांनी हे साप्ताहिक 1910 मध्ये सुरू केले आणि राहुरीच्या शेजारच्या नेवासा तालुक्यातील तरवडी या खेड्यातून ते दीर्घकाळ चालविले. पुण्या-मुंबईच्या पत्रांत खेडुताच्या व बहुजनांच्या प्रश्नांना जागा नव्हती. ती खेड्यातच निर्माण करण्यात आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने 31 जानेवारी 1920 रोजी निघालेल्या 'मूकनायक'मागे हीच भूमिका होती. या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही. पुढे 'बहिष्कृत भारत' (1927), 'जनता' (1930) आणि 'प्रबुद्ध भारत' (1956) ही पत्रे निघाली. स्वतंत्र वाहिनीची मागणी ही याच परंपरेतील पुढची पायरी आहे.

मागणीची प्रमुख कारणे :
*1) अनुपस्थिती :* 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. या घटनेला प्रमुख माध्यमांत पुरेसे स्थान मिळण्यास अनेक आठवडे लागले. तोवर निषेधाचे मोर्चे निघू लागले होते. 2013 मध्ये नेवासा तालुक्यातील सोनई येथे तीन दलित युवकांची हत्या झाली. अशा वेळी बातमी येते की नाही, आणि आलीच तर तिच्यातील जातीचा संदर्भ सांगितला जातो की नाही, हा प्रश्न पीडित समाजासाठी न्यायाशी निगडित असतो.

*2) दुसऱ्याच्या नजरेतून दर्शन :* 6 डिसेंबर रोजी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. या दिवसाच्या वृत्तांकनात गर्दी व वाहतुकीची चर्चा अधिक आणि तेथे होणाऱ्या प्रचंड ग्रंथविक्रीची चर्चा कमी असते, अशी तक्रार आंबेडकरी समाजातून वारंवार होते. येथे समाज अनुपस्थित नसतो; परंतु आपल्याच उत्सवात व शोकात तो परक्याच्या वर्णनाचा विषय बनतो.

*3) भाषा :* भाषेपुरता विचार केल्यास 'ई टीव्ही उर्दू' (2001) व 'डीडी उर्दू' (2006) यांनी एक गरज भागविली. परंतु घरात दखनी व बाजारात मराठी बोलणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला त्या वाहिन्यांवर आपला तालुका क्वचितच दिसतो. भाषा आपली असली तरी विषय आपला असेलच असे नाही.

*4) निर्णयाधिकार :* 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका 2019-20 मध्ये 'स्टार प्रवाह'वर प्रसारित झाली. सर्वसाधारण वाहिनी असा विषय प्रभावीपणे मांडू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र मालिका संपते; वर्षभर काय दाखवावे हा अधिकार वाहिनीच्या चालकांकडेच राहतो. 2010 च्या दशकात नागपूरहून 'लॉर्ड बुद्धा टीव्ही' व 'आवाज इंडिया टीव्ही' यांसारख्या वाहिन्या पुढे आल्या, त्या या अधिकाराच्या गरजेतून.

जागतिक अनुभव :
वेल्श भाषेच्या वाहिनीचे आश्वासन ब्रिटिश सरकारने मागे घेतले तेव्हा ग्विनफर एव्हन्स या नेत्याने 1980 मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकारने निर्णय बदलला आणि 1982 मध्ये 'एस फोर सी' ही वाहिनी सुरू झाली. कॅनडातील मूलनिवासींची वाहिनी 1999 मध्ये, तर न्यूझीलंडमधील माओरी वाहिनी 2004 मध्ये सुरू झाली. या उदाहरणांत शासनाने धोरणात्मक वा आर्थिक आधार दिला, ही बाब लक्षणीय आहे.

मर्यादा :
भारतात सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या निर्णयात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. परंतु तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर आहे. 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या वृत्तवाहिनीच्या परवानगीसाठी कंपनीचे निव्वळ मूल्य किमान 20 कोटी रुपये, तर अन्य वाहिनीसाठी 5 कोटी रुपये असणे आवश्यक ठरविण्यात आले होते. त्यात उपग्रह व केबल वितरणाच्या शुल्काची भर पडते. जाहिराती प्रेक्षकसंख्येच्या मोजणीवर मिळतात आणि ग्रामीण घरांचा या मोजणीत नियमित समावेश 2015 मध्ये झाला. 'मूकनायक' 1923 मध्ये, तर 'बहिष्कृत भारत' 1929 मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद पडले. वाहिनीचा खर्च तर पत्राच्या कितीतरी पट आहे. आज मोबाईलवरील चित्रफितींमुळे प्रसारण स्वस्त झाले असले, तरी बातमीदार नेमण्याचा व नियमित कार्यक्रम करण्याचा खर्च टळलेला नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. स्वतःच्या वाहिनीमुळे समाज स्वतःशी बोलू शकतो. परंतु इतरांनी ती पाहिली नाही तर त्याचे म्हणणे बाहेर पोहोचत नाही. शिवाय समाजांतर्गत स्त्रिया व लहान पोटजाती यांना त्या वाहिनीवर स्थान नसेल, तर अल्पसंख्यतेचा प्रश्न आत पुन्हा उभा राहतो.

निष्कर्ष :
1. स्वतंत्र वाहिनीची मागणी फुटीरपणातून नव्हे, तर सामायिक पडद्यावर न्याय्य स्थान न मिळाल्यामुळे निर्माण होते.
2. 'आपली वाहिनी' याचा अर्थ केवळ आपली भाषा नव्हे. आपला परिसर आणि निर्णयाचा अधिकार हेही त्यात येतात.
3. स्वतःशी बोलणे आणि सर्वांनी ऐकणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिली स्वतंत्र वाहिनीने भागते. दुसरीसाठी सर्वसाधारण वाहिन्यांच्या वृत्तकक्षात या समाजातील व्यक्तींचा सहभाग आवश्यक आहे.
4. अल्पसंख्य व आदिवासी समाजांच्या गरजा लक्षात घेऊन कार्यक्रम देणे हे 1990 च्या प्रसार भारती कायद्याने ठरविलेले कर्तव्य आहे. स्वतंत्र वाहिन्या निघाल्या म्हणून सार्वजनिक प्रसारणाची ही जबाबदारी संपत नाही.

तरवडीच्या 'दीनमित्र'ने खेड्यात राहून सर्व महाराष्ट्राशी संवाद साधला. अल्पसंख्यांच्या वाहिनीचे यशही ती आपल्या समाजाचे म्हणणे त्याच्या बाहेर किती पोहोचविते यावरून मोजले जावे.