नव्या सांध्याचे दुखणे



लिंबायतच्या गल्ल्यांतून सकाळच्या प्रहरी एक फेरी मारावी, म्हणजे काठी टेकीत चालणारी कितीतरी वयस्क माणसे दृष्टीस पडतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी सुरतेस आलेल्या या पिढीने यंत्रमागापुढे तासन् तास उभे राहून आपली उमेद खर्ची घातली. आता त्यांचे गुडघे त्याचा हिशेब मागत आहेत. झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया या वस्तीतील घरांनाही आता अपरिचित राहिलेली नाही. बहुतेकांस तिचा चांगला गुण येतो. परंतु थोड्यांच्या वाट्याला निराळा अनुभव येतो, आणि त्या थोड्यांसाठीच आजचे हे भाषण आहे.

मी वैद्य नव्हे, शिक्षक आहे. परंतु मास्तराला इंग्रजी वाचता येते, या विश्वासाने शेजारच्या आजीबाईंनी एके दिवशी आपल्या कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "मास्तर, गुडघा तर लोखंडाचा बसवला, मग लोखंड दुखतं कसं?"

प्रश्न भाबडा वाटला, तरी मर्माचा होता. धातूला वेदना नसते हे खरेच. दुखते ते त्याच्या भोवतालचे हाड, स्नायू आणि आवरण. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे दुखणे स्वाभाविक आहे. पण ते दिवसेंदिवस उतरले पाहिजे. उतरलेले दुखणे पुन्हा चढू लागले, किंवा मुळात उतरलेच नाही, तर त्यास काही कारण असते आणि ते शोधावेच लागते.

ही कारणे मुख्यतः चार. पहिले, रक्ताची गुठळी. पोटरी सुजते, ताठरते, दुखते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते आणि जीवावर बेतते. डॉप्लर तपासणीने पायातील गुठळी दिसते व रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी तिच्यावर उपाय होतो. दुसरे, सांधा निखळणे किंवा त्यालगतचे हाड मोडणे. हे खुब्याच्या सांध्यात विशेष आढळते. पाय आखूड व वळलेला दिसतो, त्यावर भार देववत नाही. तिसरे, सांधा सैल होणे. बसून उठताना पहिल्या चार पावलांना कळ यावी आणि मग ती थोडी ओसरावी, हे त्याचे नेहमीचे लक्षण. जुनी आणि नवी क्ष-किरण छायाचित्रे शेजारी ठेवली, की डॉक्टरांस पुष्कळ उलगडा होतो.

चौथे कारण जंतूंचे, आणि सर्वांत फसवे. आधुनिक खुबारोपणाचे जनक मानले जाणारे इंग्रज शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये आपली प्रसिद्ध पद्धती सुरू केली, तेव्हा जंतूंनी त्यांना इतके छळले, की गाळलेली हवा खेळविणारी बंदिस्त शस्त्रक्रियागृहे त्यांनी मुद्दाम उभारली. आज हे प्रमाण शेकडा एक-दोनच्या आसपास आले आहे. परंतु जंतू एकदा धातूवर ठाण मांडून बसले, की स्वतःभोवती चिकट कवच विणतात. त्या कवचात औषध नीट शिरत नाही.

आजीबाईंच्या बाबतीत नेमके हेच झाले. तिसऱ्या आठवड्यात जखमेतून पाणी येऊ लागले. मुलावर पुन्हा खर्च नको, म्हणून त्यांनी घरात कोणास सांगितले नाही. जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक गोळ्या आणल्या. पाणी थांबले. महिन्याने गुडघा पुन्हा तापला, पुन्हा गोळ्या. असे आठ महिने गेले. गोळ्यांनी जंतू मेले नाहीत, फक्त लपले.

हा आजार ओळखण्याचा मार्ग ठरलेला आहे. रक्तातील सीआरपी व ईएसआर ही मापे पाहतात. सीआरपी शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन आठवड्यांत खाली येते. ती न उतरली, तर शंका घ्यावी. मग सांध्यातील पाणी सुईने काढून त्यातील पेशी मोजतात व जंतू वाढवून पाहतात. परंतु आधी गोळ्या घेतल्या असतील, तर जंतू वाढत नाहीत आणि कोणते औषध लागू पडेल हे कळत नाही. म्हणून प्रकृती गंभीर नसेल, तर डॉक्टर गोळ्या निदान दोन आठवडे थांबवून मग पाणी काढतात.

पहिल्या काही आठवड्यांत निदान झाले, तर सांधा उघडून धुणे, आतील प्लॅस्टिकची चकती बदलणे आणि नेमके औषध देणे एवढ्याने पुष्कळदा सांधा वाचतो. उशीर झाला, तर बहुधा संपूर्ण सांधा काढून औषधमिश्रित सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात आणि काही आठवड्यांनी, जंतू गेल्याची खात्री करून, दुसरा सांधा बसवितात. आजीबाईंना हाच दुसरा मार्ग पत्करावा लागला. आज त्या चालतात. पण दोन शस्त्रक्रिया आणि मुलाचे कर्ज यांची किंमत देऊन.

कधी दोष रुग्णाचाही नसतो आणि जंतूंचाही नसतो. वस्तूच सदोष असते. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागविण्यात आला. त्यातून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात उतरत. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नेमलेल्या समितीने बाधितांस किमान २० लाख रुपये भरपाई सुचविली. परंतु सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना! ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला आपल्या शरीरात काय बसविले आहे हे तरी कसे कळावे?

म्हणून तीन गोष्टी ध्यानात धरा. सांध्याच्या पेटीवरील क्रमांकाची चिठ्ठी व सारे कागद जपून ठेवा. जखम पाझरली, ताप आला, पोटरी सुजली, धाप लागली, तर दिवस मोजीत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांस विचारल्यावाचून अँटिबायोटिकची एकही गोळी घेऊ नका.

घरातील तरुणांस शेवटी एवढेच सांगतो, की म्हातारी माणसे दुखणे लपवितात ती आपल्या खर्चाच्या भीतीने. तेव्हा त्यांनी सांगण्याची वाट पाहू नका. तुम्हीच जवळ बसून विचारा.