संगणक कालबाह्य कोण ठरवतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्याआधी कित्येक महिने पडद्यावर सूचना येत होती की हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप, सोसायटीच्या ऑफिसातला डेस्कटॉप, झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन, शाळेची लॅब, सगळीकडे एकच प्रश्न उभा राहिला आणि बहुतेकांना उत्तरही एकच मिळालं: "आता बदलूनच टाका." हे उत्तर ज्या समजुतींवर उभं आहे, त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. चालतं मशीन भंगारात जातं तेव्हा एखाद्या घराचे तीस-चाळीस हजार रुपये जातात, आणि एखाद्या शाळेची अख्खी लॅब जाते. म्हणून या समजुती एकदा नीट तपासायला हव्यात.

गैरसमज: विंडोज ११ चढत नाही, म्हणजे मशीनमध्ये दम उरलेला नाही

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते, असं मायक्रोसॉफ्टच्याच पात्रता-यादीत लिहिलेलं आहे. गाडी अडते ती दुसरीकडे. मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीत हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून.

आता गंमत नव्हे, चीड आणणारी गोष्ट बघा. विंडोज १० सह विकल्या जाणाऱ्या नव्या मशीनमध्ये टीपीएम २.० असलंच पाहिजे, हा नियम मायक्रोसॉफ्टने जुलै २०१६ मध्येच केला होता. म्हणजे सातव्या पिढीच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये ही सोय आहे. तरीही ते यादीबाहेर राहिले, कारण प्रोसेसरची पिढी एक आकड्याने कमी पडली. त्याच पिढीतला एक प्रोसेसर, कोअर आय७-७८२०एचक्यू, मात्र यादीत नंतर घेतला गेला. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या संगणकात होता.

कंपनीची बाजूही आहे, आणि ती पोकळ नाही. नव्या प्रोसेसरवर काही सुरक्षा-यंत्रणा कमी भार टाकून चालतात, आणि जुन्या हार्डवेअरचं प्रत्येक कॉम्बिनेशन तपासत बसणं खर्चाचं असतं. पण खर्च कुणी सोसायचा हा व्यवहाराचा निर्णय आहे, यंत्राची मर्यादा नव्हे. याचा पुरावाही कंपनीच्याच वेळापत्रकात आहे. कारखान्यांतली यंत्रं, एटीएम अशा उपकरणांसाठी विंडोज १० ची एक खास आवृत्ती आहे, आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१. तिला जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. तीच विंडोज १०. गिऱ्हाईक वेगळं, म्हणून मुदत वेगळी.

एक व्यवहारी सूचना इथेच देऊन टाकतो. जोडणी करून घेतलेल्या अनेक डेस्कटॉपमध्ये टीपीएम असतं, पण बंद ठेवलेलं असतं. बायोस या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये इंटेलच्या मशीनवर 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एफटीपीएम' नावाचा पर्याय सुरू केला की 'अपात्र' संगणक कधीकधी पात्र ठरतो. नवं काही घेण्याआधी हे बघाच.

गैरसमज: अपडेट नसले तर नसू देत, चालतंय तोवर चालवू

हा उलट्या टोकाचा गैरसमज आहे आणि तो जास्त धोक्याचा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. देखभाल केव्हाच थांबलेल्या विंडोज एक्सपीसाठी कंपनीला त्या वेळी अपवाद म्हणून तातडीचं अपडेट काढावं लागलं. म्हणून बँकेचे व्यवहार, आधार, ईमेल ज्या मशीनवर होतात, ते अपडेटशिवाय इंटरनेटला जोडून ठेवू नये.

पण याचा अर्थ मशीन बदला असा होत नाही. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना आहे. मायक्रोसॉफ्ट खातं जोडून सेटिंगचा बॅकअप सुरू केला, तर त्याला पैसे पडत नाहीत. युरोपात तर ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर कंपनीने तिथल्या लोकांसाठी बॅकअपची अटही काढून टाकली. आपल्याकडे मात्र ती अट राहिली.

गैरसमज: चार-पाच वर्षांनी कॉम्प्युटर स्लो होतोच

प्रोसेसर थकत नाही. २०१६ साली तो सेकंदाला जितकी आकडेमोड करत होता, तितकीच आजही करतो. मग मशीन सुरू व्हायला पाच मिनिटं का लागतात?

पहिला गुन्हेगार बहुतेक वेळा जुनी फिरती हार्ड डिस्क. लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी डोकं योग्य जागी सरकायचं. हिशेब केला तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साठ-सत्तर वेळाच वाचता येतं. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसल्याने साधी एसएसडीसुद्धा तेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. आजची विंडोज सुरू होताच अँटिव्हायरस, शोधसूची, अपडेट, क्लाउडचा ताळमेळ अशी दहा कामं एकदम डिस्ककडे धावतात. डिस्क गुदमरते आणि आपण म्हणतो, मशीन म्हातारं झालं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एखाद्या रिपेअरवाल्याच्या टेबलापाशी उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. तळाचे स्क्रू निघतात, झाकण प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने सुटं होतं. पंख्याच्या तोंडाशी, हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, धुळीचा करडा थर घट्ट बसलेला असतो. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून भुकटी झालेली असते. उष्णता बाहेर जात नाही, म्हणून प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ब्रशने जाळी मोकळी करायची, पेस्ट नवी लावायची, हार्ड डिस्कचे स्क्रू काढून त्याच खाचेत एसएसडी बसवायची, रिकामा स्लॉट असेल तर रॅमची एक पट्टी वाढवायची. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या थोड्याशा भागात ते मशीन पुन्हा कामाला लागतं.

दुसरा गुन्हेगार सॉफ्टवेअर. पास्कल ही संगणकभाषा रचणारे स्विस शास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच लिहून ठेवलं होतं की हार्डवेअर ज्या वेगाने वेगवान होतं, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होत चाललं आहे. आज साधं चॅटिंगचं डेस्कटॉप ॲपसुद्धा पुष्कळदा आपल्यासोबत एक अख्खा ब्राउझर घेऊन येतं. काम तेच, पण रॅम कितीतरी जास्त. ॲप लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो आणि त्याची किंमत वापरणाऱ्याच्या खिशातून जाते. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत कमी बोलली जाणारी बाजू आहे.

गैरसमज: बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी

हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण रिकामं होणं आणि तासन्‌तास शंभर टक्क्यांवर गरम राहणं, दोन्ही सोसत नाही. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल, तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा घाला; बऱ्याच कंपन्यांनी ती सोय दिलेली आहे. आणि टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे असं समजून वापर ताबडतोब थांबवा.

गैरसमज: कंपन्या आत टायमर बसवतात

हे खूप लोक ठामपणे सांगतात. पुरावा मात्र वेगळ्या गोष्टींचा मिळतो.

इतिहासात कट झालेला आहे, हे खरं. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हात फिलिप्स, ओसराम आदी दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी 'फीबस' नावाचा करार केला आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणलं. त्याआधी ते दीड-दोन हजार तास टिकत. ज्याचे दिवे जास्त टिकतील त्या कंपनीला दंड होता. तार जास्त तापवली की तेवढ्याच विजेत उजेड जास्त मिळतो आणि आयुष्य घटतं, हे शास्त्रही त्यामागे होतं. पण जास्त टिकणाऱ्या मालाला दंड लावायचं कारण शास्त्रात सापडत नाही.

आजची पद्धत अधिक शांत आहे. रॅम बोर्डावर सोल्डर करायची, बॅटरी गोंदाने चिकटवायची, सुटे भाग फक्त स्वतःच्या सर्व्हिस सेंटरला द्यायचे, अपडेट थांबवायचे. यात बेकायदा काही दिसत नाही, आणि परिणाम टायमरसारखाच होतो. २०१७ मध्ये ॲपलने अपडेटमधून जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग कमी केला होता. कंपनीचं म्हणणं, कमजोर बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून. हे कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं आहे. पण वापरणाऱ्याला सांगितलंच नाही. नवी बॅटरी टाकून जे भागलं असतं, त्यासाठी लोकांनी नवे फोन घेतले. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्ये कंपनीला अडीच कोटी युरोचा दंड झाला, तो ही माहिती न दिल्याबद्दल.

गैरसमज: लिनक्स हे इंजिनिअरांचं काम

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत प्रणाली. केरळच्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं तिच्यावरच शिकताहेत. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून बघता येते. आवडली तर बसवायची. ब्राउझर, लिब्रेऑफिस, व्हिडिओ, देवनागरी टायपिंग सगळं आहे. टॅली, फोटोशॉप, ऑटोकॅड मात्र थेट चालत नाहीत. ज्याचं पोट त्यावर आहे, त्याला लिनक्सकडे वळा असं मी सांगणार नाही.

गैरसमज: जुनी फाइल उघडत नाही, म्हणजे फाइल खराब झाली

मराठी माणसाला हा अनुभव इतरांपेक्षा जास्त आहे. नव्वदच्या दशकात आणि नंतरही आपली पुस्तकं, दिवाळी अंक, न्यायालयीन कागद, सरकारी परिपत्रकं आयएसएम, श्रीलिपी अशा पॅकेजांवर टाइप झाली. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि खुणांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. तो फाँट संगणकावर नसेल, तर 'मराठी' या शब्दाच्या जागी उच्चारचिन्हांची आणि परक्या अक्षरांची रांग दिसते. फाइल ठणठणीत असते, तिचा अर्थ लावणारा फाँट नसतो. म्हणूनच काही छापखान्यांत आजही एक जुना एक्सपी संगणक जपून ठेवलेला असतो. पॅकेज चालायला लागणारा डाँगल ज्या पोर्टला बसतो, ते पोर्टच नव्या मशीनला नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. युनिकोडमध्ये साठवलेला मजकूर कोणत्याही कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. तुमच्याकडे जुन्या फाँटमधलं लिखाण असेल, तर ते मशीन चालू आहे तोवर फाँट-कन्व्हर्टरने बदलून घ्या, आणि नंतर जोडाक्षरं, रफार डोळ्यांखालून घाला; चुका तिथेच राहतात. मशीन बंद पडल्यावर हे काम दहापट अवघड होतं.

गैरसमज: नवा लॅपटॉप वीज वाचवतो, आणि जुना रिसायकल होतोच

वीस वर्षांपूर्वीचा डबा-मॉनिटर असेल तर बदला, वीज खरंच वाचेल. लॅपटॉपचा हिशेब वेगळा. नवा लॅपटॉप दहा वॅट कमी घेतो असं धरू. रोज सहा तास, वर्षाला तीनशे दिवस वापरला, तर वाचले १८ युनिट. भारतात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला तेरा किलोंच्या आसपास. एक लॅपटॉप बनवतानाचं उत्सर्जन २०० किलोच्या घरात धरलं, तर ते फिटायला पंधरा-सोळा वर्षं लागतील.

आणि रिसायकलिंग? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा आणि रिसायकल झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला मोठा भाग दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतो. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. तो धूर आणि ते ॲसिड तिथल्या मुलांच्या वाट्याला येतं.

गैरसमज: ग्राहकाच्या हातात काही नाही

फ्रान्सने २०१५ मध्ये मुद्दाम आयुष्य घटवणं हा गुन्हा ठरवला आणि जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप, फोनवर दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. युरोपीय संघात जून २०२५ पासून फोन-टॅब्लेटची विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग द्यावे लागतात. लॅपटॉप अजून त्या नियमात नाहीत. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं आणि दुरुस्तीक्षमता निर्देशांकाची शिफारस करणारा अहवाल मे २०२५ मध्ये सरकारकडे गेला. पोर्टलवर माहिती देणं कंपन्यांच्या इच्छेवर आहे. सक्ती करणारा कायदा व्हायला हवा, आणि तो आपणच मागायला हवा.

तोवर खरेदीच्या वेळी दुकानात चार प्रश्न विचारा. रॅम बदलता येते की सोल्डर केलेली आहे? बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने? या मॉडेलचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? बायोस आणि सुरक्षेचे अपडेट कोणत्या सालापर्यंत येतील? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं ईमेलवर किंवा बिलावर लेखी मागा, आणि शाळेची किंवा ऑफिसची खरेदी असेल तर ती निविदेतच अट म्हणून घाला.