रांगण्याची शिदोरी

गडावर जायचे ठरले की बूट कोणते घालावेत, काठी हवी की नको, दोर लागेल का, यावर चार दिवस चर्चा रंगते. खाण्याचा विषय मात्र निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाजारात उभे राहून उरकला जातो. मागील डिसेंबरात आम्ही अकरा जण रांगण्यावर गेलो, तेव्हा नेमके हेच घडले.

रांगणा आहे कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यात. पण कुडाळ तालुक्यातील नारूर गावातून चढणारी वाट आपल्या बाजूची. गडाची उंची सुमारे २६०० फूट. घाटावरून येणाऱ्याला त्यातली बरीचशी आयती मिळते, आपल्याला मात्र जवळजवळ सगळी पायांनी मोजावी लागते. अशा वाटेला आम्ही काय घेतले? पाच किलो बटाटे, दोन किलो कांदे, चार नारळ, पावाच्या लाद्या, लोणच्याची काचेची बरणी, आणि एका मित्राच्या घरून आलेली चवळीची उसळ. उसळीला ओल्या खोबऱ्याचे वाटप होते, आणि ती गरम असतानाच डब्यात घट्ट बंद केलेली होती. संध्याकाळी रांगणाई देवीच्या देवळापाशी डबा उघडला तर वर फेस आणि आंबूस वास! पावाच्या लाद्यांचा बटाट्यांखाली चुरा झालेला. बटाटे शिजवू म्हटले, तर ओल्या फाट्यांच्या चुलीवर ते तासाभरानेही कच्चेच.

उसळ का नासली, हे समजून घेण्यासारखे आहे. गरम पदार्थ बंद केला की आतली वाफ झाकणाला लागून पुन्हा पाणी होऊन खाली उतरते. डबा तासन्‌तास कोमट राहतो, आणि ओलावा, ऊब व ओले खोबरे ही तिन्ही जंतूंना मानवणारी. म्हणून वाटेत खायचे शिजवलेले अन्न पूर्ण निवल्यावरच भरावे, ओले खोबरे टाळावे, आणि ते पहिल्या दुपारीच संपवावे. चटणी हवीच तर सुक्या खोबऱ्याची, लसूण घालून केलेली न्यावी. ती आठवडाभर सहज राहते.

आता बटाट्यांचे. घरी आल्यावर मी ओझ्याचे रडगाणे गायलो, तेव्हा आई एवढेच म्हणाली, ‘‘थंय पाणी गावतलां मां? मगे हयसून पाणी कित्याक व्हवन नेलंस?’’ मला आधी कळलेच नाही. मग पुस्तकात पाहिले. १०० ग्रॅम बटाट्यात सुमारे ८० ग्रॅम पाणीच असते आणि त्यातून जेमतेम ८० उष्मांक मिळतात. तेवढ्याच वजनाच्या तांदळातून सुमारे ३५० आणि शेंगदाण्यांतून साडेपाचशेच्या वर! म्हणजे आमच्या पाच किलोंपैकी चार किलो पाणी होते, आणि ते आम्ही तळे असलेल्या गडावर वाहून नेले.

गंमत अशी, की माझे वडील खलाशी. त्यांचे गणित याच्या बरोबर उलट. होडीवर ओझे पाठीवर नसते, मासळी समुद्रात मिळते, पण गोडे पाणी किनाऱ्यावरूनच न्यावे लागते. म्हणून तिथे आधी पाण्याची पिंपे, मग तांदूळ, मीठ, मसाला. सिंधुदुर्गाचे काम १६६४ मध्ये सुरू झाले. त्या कुरटे बेटावर चहूकडे खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या विहिरी आहेत, म्हणून तिथे माणसे राहू शकली. तेव्हा शिदोरी ठरवण्याआधी पहिला प्रश्न, मुक्कामाला पाणी आहे का? असेल तर कोरडे न्यावे, आणि तिथले पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये.

आपल्याकडे कोरड्या जिन्नसांचा तोटा नाही. पोहे नुसते भिजवून होतात. फणसपोळी आणि आंब्याची साठे म्हणजे पाणी उडालेली फळेच. खडखडे लाडू आणि मालवणी खाजे आपटले तरी मोडत नाहीत. सुकट घरून भाजून नेता येते, पण तिने तहान वाढते, आणि देवळात मुक्काम असेल तर ती नेऊच नये. तांदूळ मात्र सुरय घ्यावा. उकडा आपल्या जिभेला गोड असला तरी शिजायला वेळ फार घेतो, आणि डोंगरात वेळ म्हणजे लाकूड.

सर्वांत वरचा मान मी कुळथाच्या पिठीला देतो. कुळीथ आधीच भाजून दळलेले असल्यामुळे डाळीसारखे तासभर ताटकळावे लागत नाही. तेलात लसूण तडतडवावी, पाण्यात कालवलेले पीठ, तिखट, मीठ आणि दोन सोले टाकावीत, चार कढ आले की झाले. निघताना आईने पाव किलो पीठ बांधून दिले होते. गडावर कोण पिठी खातो, या लाजेने ती पुडी मी पिशवीच्या तळाशी दडपली होती. त्या रात्री तीच बाहेर काढावी लागली. अकरा जणांत ती पातळच झाली, आणि आणखी का आणली नाहीस म्हणून बोलणी खावी लागली ती मलाच! नूडल्सची पाकिटे आणलेल्यांना मी नावे ठेवत नाही, तीही कोरडीच. पण दोन तासांत पोट पुन्हा हाका मारते, आणि रिकामी वेष्टने आठवणीने खाली आणावी लागतात.

प्रमाण म्हणाल तर माणशी दिवसाला तांदूळ व पोहे मिळून ३०० ग्रॅम, पिठी ६०, शेंगदाणे व गूळ मिळून १५० आणि तेल ३०. यातून सव्वादोन हजारांच्या आसपास उष्मांक मिळतात. अकरा जणांच्या दोन दिवसांना हे सारे बारा किलोंच्या आत बसते. भरताना प्रत्येक जेवणाची पिशवी वेगळी बांधावी, म्हणजे रात्री विजेरी तोंडात धरून मीठ शोधावे लागत नाही. जड जिन्नस पाठीला लागून, चुरा होणारे वर, तेलाची बाटली उभी, काचेचे काहीही नको. गूळ-शेंगदाणे बाहेरच्या कप्प्यात, चालता चालता हाताला लागतील असे. काडेपेटी मात्र दोघांकडे दोन, पत्र्याच्या डबीत.

यंदा पुन्हा रांगणाच ठरला आहे. यादी महिनाभर आधी झाली, पण नारळांवरून अजून भांडण चालू आहे. माझे म्हणणे, नारळ एकच घ्यावा. तो रांगणाईपुढे फोडावा आणि त्याचे खोबरे त्याच रात्री गुळाबरोबर संपवावे.