उत्पादन अभियंता : अचूक यंत्रकामाचा कणा

पनवेल-उरण परिसरातील चिरनेर हे गाव महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे : तेथील महागणपती आणि २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि पुढे या भागात भातखाचरांच्या शेजारी कंटेनरची आवारे उभी राहिली. या कंटेनरांतून काय जाते व काय येते, याची आपल्या समाजातील व्यापारी कुटुंबांना चांगली जाण आहे. धान्य, कापड, रसायने, पोलाद यांचे भाव आपल्याकडे तोंडपाठ असतात. परंतु याच बंदरातून तेल लावून, गंजरोधक कागदात गुंडाळून असाही माल बाहेर जातो की ज्याची किंमत वजनावर ठरत नाही. पंपांचे, झडपांचे, मोटारींच्या इंजिनांचे हे सुटे भाग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत मोजून घडविलेले असतात. दोन किलो पोलादाचा भाव आणि त्याच पोलादातून घडविलेल्या भागाचा भाव यांतील अंतर पाहिले, की व्यापारी मनाला कारखानदारीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

आपल्या अनेक घरांत आज हाच विचार चालू आहे. वडिलांचे हार्डवेअरचे अथवा पोलादाचे दुकान, गाठीशी भांडवल, बाजारात पत, आणि मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीची पदवीधर. मग दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी घ्यावे, असे ठरते. बँकेच्या सेवेत असताना अशा उद्योगांचे प्रकल्प अहवाल माझ्या मेजावरून गेले. त्यांत यंत्राची किंमत, शेडचे भाडे, विजेचा भार, खेळते भांडवल हे सारे तपशिलाने मांडलेले असे. उत्पादन अभियंता मात्र ‘पगार व मजुरी’ या एका ओळीत हिशेबनीस आणि रखवालदार यांच्या सोबतीने बसविलेला असे. उद्योगाचा नफा ज्याच्या हातून घडतो वा बिघडतो, त्याला अहवालात स्वतंत्र स्थान नसे.

त्याचे काम नेमके कोणते?

ग्राहक ड्रॉइंग देतो, ऑपरेटर यंत्र चालवितो. या दोहोंच्या मधले सारे काम उत्पादन अभियंत्याचे असते. समजा, ॲल्युमिनियमच्या एका भागात ५० मिलिमीटर व्यासाचा बोअर करावयाचा आहे. ड्रॉइंगवर मर्यादा दिली आहे : किमान ५०.०००, कमाल ५०.०२५ मिलिमीटर. मापातील ही मुभा, म्हणजे टॉलरन्स, अवघा २५ मायक्रॉन आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे केसाच्या जवळपास एक तृतीयांश जागेत पहिल्या नगापासून शेवटच्या नगापर्यंत प्रत्येक बोअर बसला पाहिजे.

प्रथम कोणती बाजू कापावी, जॉब कोठे पकडावा, कोणते टूल कोणत्या वेगाने चालवावे, काम किती पकडींत पुरे करावे, हे अभियंता ठरवितो. जॉब एकदा सोडून पुन्हा पकडला की थोडी चूक आत शिरतेच, म्हणून जे पृष्ठभाग परस्परांशी जुळावयाचे आहेत ते शक्यतो एकाच पकडीत कापले जावेत, अशी तो आखणी करतो. पातळ भिंतीचा भाग चकच्या जबड्यात घट्ट आवळला, तर कापताना बोअर गोल दिसतो. जबडा सैल केला की तोच बोअर किंचित लंबगोल होतो. अशा भागासाठी नरम जबडे जॉबच्या मापाने कापून घेणे, वेगळे फिक्स्चर तयार करणे, पकडीचा दाब कमी राखणे, हे उपाय त्यालाच योजावे लागतात.

उष्णतेचे गणित याहून सूक्ष्म आहे. जगभर यांत्रिक मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरली जातात. आपल्या कोकणपट्टीतील शेडमध्ये हवाच त्याहून बरीच उष्ण असते, आणि यंत्रावरून नुकताच उतरलेला जॉब हवेपेक्षाही गरम असतो. तो १५ अंशांनी अधिक गरम असेल, तर निवल्यानंतर वर सांगितलेला ॲल्युमिनियमचा बोअर सुमारे १७ मायक्रॉनने आक्रसतो. पोलादाचा असता तर सुमारे ९ मायक्रॉनने आक्रसला असता. २५ मायक्रॉनच्या मुभेपैकी १७ मायक्रॉन एकट्या उष्णतेने खाल्ले, तर टूलची झीज, यंत्राची थरथर आणि माणसाचा हात यांच्यासाठी उरले किती? म्हणून जॉब किती वेळ निवू द्यावा आणि माप घेण्याचे साधन कोठे ठेवावे, हेदेखील त्याने लिहून द्यावयाचे असते. समुद्राकडील दमट हवेत पोलादी भागावर उमटलेले बोटाचे ठसेसुद्धा पुढे गंजाचे डाग होतात. त्यामुळे तेल, कागद आणि पेटी यांचा विचारही त्याच्याच कक्षेत येतो.

रोजमेळ आणि मापांची नोंद

व्यापाऱ्याला हे काम समजण्यास एक सोपी वाट आहे. आपण रोजमेळ रोज का लिहितो? वर्षअखेरीस तूट कळून उपयोग नसतो, ती त्याच संध्याकाळी कळावी लागते. टूलची धार हळूहळू झिजते आणि माप प्रत्येक नगागणिक किंचित एका बाजूस सरकत जाते. ठरावीक नगांनंतर माप घेऊन त्याची नोंद केली, तर ते मर्यादेच्या बाहेर पडण्याआधीच ऑफसेट बदलून सावरता येते. सारा लॉट तयार झाल्यावर तपासणी करणे म्हणजे दिवाळीला वही उघडून गेल्या कार्तिकातील तूट शोधणे होय.

आता उदाहरणापुरते आकडे घेऊ. दोन पाळ्या, प्रत्येकी सात तास प्रत्यक्ष काम, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे एका यंत्राची २१,००० मिनिटे. एका नगास ६ मिनिटे लागली तर ३,५०० नग होतात. ५ मिनिटे लागली तर ४,२००. नगामागे ५० रुपये मजुरी धरली, तर वाचविलेले एक मिनिट महिन्याला ३५,००० रुपये अधिक मिळवून देते. परंतु घाई करून ३,५०० पैकी ४ टक्के नग, म्हणजे १४० नग रद्द झाले आणि कच्चा माल व मजुरी मिळून प्रत्येकी २५० रुपये बुडाले, तर तोटाही बरोबर ३५,००० रुपयांचाच होतो. मिनिट वाचवावे आणि रिजेक्शनही वाढू देऊ नये, ही दोन्ही टोके एकाच वेळी सांभाळणे हीच उत्पादन अभियंत्याची खरी कसोटी आहे.

माझ्या सेवाकाळातील एका कर्जदार कुटुंबाचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. दुकानाची जागा तारण ठेवून त्यांनी यंत्रे घेतली. ऑर्डर हाती होत्या, ऑपरेटर कष्टाळू होते. तरीही सलग दोन लॉट ग्राहकाकडून परत आले, हप्ते थकू लागले आणि तारण दुकानाची चिंता घरात शिरली. यंत्रच सदोष आहे, अशी मालकांची समजूत झाली होती. अखेर त्यांनी एका अनुभवी अभियंत्याला बोलाविले. दोन दिवस शेडमध्ये उभे राहून त्याने सांगितले, “शेठ, यंत्र बरोबर आहे, माप घेण्याची वेळ चुकते आहे.” गरम असताना प्लग गेज आत जाई आणि नग पास होई, ग्राहकाच्या थंड खोलीत तोच बोअर लहान भरे. नवे यंत्र न घेता, निवण्याची वेळ, नरम जबडे आणि मापांची नोंदवही यांवर उद्योग सावरला. पुढे हप्तेही नियमित झाले.

वालचंद शेठजींचा धडा

व्यापारी घराण्याने यंत्रविद्येचा मान कसा राखावा, याचे उदाहरण आपल्या समाजातच आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजरातमधून येऊन स्थायिक झालेल्या दिगंबर जैन कुटुंबात झाला. वडिलोपार्जित पेढीत न रमता त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली, आणि त्यासाठी भागीदार निवडला तो रेल्वेतील कामकाज आतून जाणणारा : लक्ष्मण बळवंत फाटक. भांडवल आणि जाणकारी यांना एकाच बैठकीवर बसविण्याची ही दृष्टी पुढेही टिकली. १९४० मध्ये बंगळूर येथे विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या आवाराची पायाभरणी आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स अशी वाटचाल झाली. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यांच्या नावाने वसलेले इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर साखरेसाठी प्रसिद्ध झाले. तेथीलच वालचंदनगर इंडस्ट्रीज ही कंपनी १९७० च्या दशकापासून इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटारींची आवरणे घडवीत आली आहे. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ ज्या अग्निबाणाने नेले, त्याच्या दोन बाजूंना ३.२ मीटर व्यासाचे आणि प्रत्येकी सुमारे २०० टन घन इंधनाचे बूस्टर असतात. त्यांची आवरणे घडविणाऱ्यांमध्ये ही कंपनी आहे. एवढे मोठे, पातळ भिंतीचे नळकांडे स्वतःच्या वजनानेही किंचित दबते, आणि तरीही त्याचे तुकडे एकमेकांत नेमके बसले पाहिजेत. आपल्या शेडमधील लहान बोअरचा जो प्रश्न, तोच येथे मोठ्या प्रमाणावर उभा राहतो, आणि त्याचे उत्तरही आखणी, पकड, तापमान व नोंद यांतच शोधावे लागते.

कर्जाच्या अर्जापूर्वी

यंत्रकामात उतरू पाहणाऱ्या कुटुंबांना एका जुन्या बँक अधिकाऱ्याची विनंती आहे. यंत्राच्या कोटेशनसोबत फिक्स्चर, गेज आणि मोजमापाच्या साधनांचा खर्च प्रथमपासून अहवालात धरावा. उत्पादन अभियंत्याचा पगार स्वतंत्र ओळीत दाखवावा. दर ठरविताना त्याला सोबत बसवावे, कारण कोणते माप आपल्या यंत्रावर निघेल व किती वेळात निघेल, हे तोच सांगू शकतो. माप बिघडत असेल तर यंत्र थांबविण्याचा अधिकार त्याला असावा, आणि माल उद्या पाठवावयाचा असला तरी तो अधिकार मालकाने मानावा. घरातील मुलगा वा मुलगी हीच जबाबदारी घेणार असेल, तर पदवीनंतर निदान दोन वर्षे त्यांना दुसऱ्याच्या कारखान्यात, यंत्राशेजारी उभे राहून शिकू द्यावे. त्या दोन वर्षांत बुडणारे उत्पन्न, तारण ठेवलेल्या दुकानाच्या तुलनेत, फार थोडे आहे.